पाण्याच्या निम्म्या वेगानं

महाड,
मार्गशीर्षातला सोमवार

प्रिय अरविंद,

चाक फिरलं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढची पानं तू घाईघाईने उलटणार नाहीस. परवा दिवसभर तू फोन लावत होतास, हे मला खाली पोलादपूरला उतरल्यावर कळलं. उंबरमाळला रेंज मिळते ती फक्त करवंदीच्या जाळीपाशी, तीही हात वर धरून उभं राहिलं तर. आणि खरं सांगू? फोन लागला असता तर तू विचारलं असतंस, दाब किती आला, फेरे किती पडले, पट्टा घसरला का. मी उत्तरं दिली असती, तू "वा" म्हणाला असतास आणि फोन ठेवला असता. जे सांगायचं ते घशातच राहिलं असतं. दसऱ्याला आपट्याची पानं हातात घेऊन तू माझ्या दारात उभा राहिलास आणि म्हणालास, नाशिकचं घर एकट्याला फार मोठं होतं गं, येशील का कायमची? मी म्हटलं, चाक फिरू दे, मग सांगते. पुढे वाडीने घातलेली अट फोनवर ऐकलीस तेव्हा तू हसून म्हणालास, म्हणजे माझं नशीब आता विठाबाईच्या म्हशीच्या हाती. तेव्हा त्या म्हशीचं काय झालं, हेही कळवायचं आहेच.

पांचगणीच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर बर्नाडेट आम्हाला सांगायच्या, पत्रात आधी बातमी लिहावी, मग मन. पण मन लिहिण्याची सोय तिथे नव्हतीच, कारण मुलींचं प्रत्येक पत्र त्या उघडून वाचायच्या. आलेलंही आणि जाणारंही. म्हणून तर तू माझी मामेबहीण उज्वला झालास. आठवतं? उज्वलाची पत्रं यायची आणि त्यात काय असायचं, तर टर्बाइन! तू नुकता इंजिनिअरिंगला गेला होतास आणि तुझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. चाकं, नळ्या, बाण काढून दाखवलेलं पाणी, आणि खाली सही, "तुझीच उज्वला". एका शनिवारी सिस्टरनी मला बोलावून घेतलं. त्यांनी पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि त्यांच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाल्या, "तुमची बहीण फार हुशार आहे. तिला लग्नात घालवू नका, इंजिनिअर करा." मी "हो सिस्टर" म्हणून जी पळाले ती थेट चॅपलमागच्या सिल्व्हर ओकपाशी जाऊन हसत बसले. मग थोडी रडलेही. का, ते त्या वयात कळत नव्हतं.

त्या पत्रांतलं एक मला तेव्हा समजलं नाही, पण पाठ झालं. तू लिहिलं होतंस की धावत्या पाण्यासमोर चाक नुसतं अडून उभं राहिलं तर ते फक्त मार खातं, काम काही होत नाही. उलट चाक पाण्याइतक्याच वेगाने पळायला लागलं, तर पाणी त्याला गाठतच नाही, मग ढकलणार कुठून? चाकाने पाण्याच्या निम्म्या वेगाने फिरावं. तेव्हा पाणी आपला सगळा जोर चाकाला देऊन टाकतं आणि दमल्यासारखं, अगदी हळू, सरळ खाली गळून पडतं. पत्राच्या समासात तू त्या गळून पडणाऱ्या थेंबाला डोळे काढले होतेस, मिटलेले. सुट्टीत मी घरी आले तेव्हा तुमच्या परड्यात पोफळीच्या पन्हळीखाली फणसाच्या पानाचं भिरभिरं धरून तू ते मला दाखवायला गेलास. भिरभिरं फाटलं, आपण दोघं भिजलो आणि तुझ्या आईने आपल्याला दोन शब्द सुनावले. एवढंच आपलं प्रेमप्रकरण. मग तू हिमाचलमधल्या धरणांवर गेलास. इकडे बाबांनी श्रीपतरावांच्या घरी शब्द दिला आणि मी त्या घरची झाले. त्याबद्दल माझ्या मनात काही सल नाही. माणूस देवासारखा होता. त्यांनी मला नोकरी करू दिली, शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, विनीतला वाढवलं. तूही तिकडे सुखात होतास, हे तुझ्याच तोंडून ऐकलं तेव्हा बरं वाटलं.

श्रीपतराव गेले, मी निवृत्त झाले, विनीत कॅनडाला गेला. आणि मग तो एकवीस सालचा जुलै आला. सावित्रीचं पाणी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलं होतं. मी वरच्या खोलीत बसून खाली कपाटं एकमेकांवर आपटल्याचे आवाज ऐकत होते. पाणी ओसरलं तेव्हा घरात चिखल होता, साधा नाही, लोण्यासारखा घट्ट, सगळीकडे. त्याच दिवसांत तळीये गाव दरडीखाली गेल्याची बातमी आली. तिथल्या माणसांपुढे माझं दुःख ते काय, म्हणून मला मोकळेपणाने रडताही येईना. अशात एका सकाळी दारात विठाबाई उभी. वर उंबरमाळच्या धनगरवाडीतून वर्षानुवर्षं आमच्याकडे तूप घेऊन यायची ती. या वेळी तिच्या डोक्यावर तुपाचा डबा नव्हता, घमेलं होतं. मागे तिचा भाऊ भैरू आणि वाडीतली चारदोन माणसं, हातात फावडी. तिने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "वैनी, तुज्या घरात नदी झोपून गेली गो!" मी हसले. पुरानंतर पहिल्यांदाच. त्या लोकांनी माझं घर धुऊन काढलं आणि जेवायचं म्हटलं तर विठाबाई म्हणते, "चूल पेटंल तवा बोलव."

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. टीव्हीवर महाड पाहून तू कुठून कुठून माझा नंबर मिळवलास. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य काय बोललास, आठवतं? "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" मी चिडलेच होते. मग तू म्हणालास, अनु, तू बरी आहेस ना, आणि मी तुला बुडालेल्या पायऱ्या मोजून सांगायला लागले.

पावसाळा सरल्यावर आभार मानायला म्हणून मी उंबरमाळला चढून गेले. घर धुऊन देणाऱ्या माणसांचं घर कसं आहे, हे मी आजवर पाहिलंच नव्हतं. कातळाचा सपाट माळ, मोजकी घरं, गोठे, वर देवराईची गर्द टोपी आणि त्या राईतून निघून माळाच्या कडेने खाली झेपावणारा वहाळ. तिथे मला एका घरात जात्याची घरघर ऐकू आली. गंमत म्हणून नव्हे, गरज म्हणून. पावसाळ्यात विजेचे खांब कोसळतात आणि वाडीत आठवडेच्या आठवडे वीज नसते. मग एक तर बायकांनी जात्यावर बसायचं, नाहीतर नाचणीची गाठोडी डोक्यावर घेऊन निसरड्या उतारावरून खालच्या चक्कीपर्यंत जायचं आणि पीठ भिजू न देता परत चढायचं. मागच्या पावसात भैरूची सून पाय घसरून पडली, तिचा खुबा अजून धरतो. हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू मध्येच विचारलंस, "त्या वहाळाचं पाणी उंचावरून पडतं का? भर पावसात जोरात असतं?" मी म्हटलं, कान किटतात इतकं. तू म्हणालास, "मग चक्की चालवणारा गडी वाडीत आहेच, अनु. त्याच्या हातात चाक तेवढं द्यायचं राहिलंय." त्या दिवसापासून आपले फोन वाढले. तू नकाशे काढलेस, नाशिकच्या तुझ्या ओळखीच्या कारखान्यात चाक ओतून घेतलंस, आणि तुझ्या गुडघ्यांनी मात्र तुला पोलादपूरच्या पुढे येऊ दिलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा पीत तू डोंगराकडे बघत बसलास आणि मी एकटीच वर गेले, ते मला अजून टोचतं.

आता तुझीच विद्या तुला परत सांगते. चुकत असेल तर लाल शाईने खूण कर. चाक बसवण्याआधी वाडीला ते समजावून देणं माझ्याकडे आलं. विठाबाईचा पहिला सवाल होता, "पानी राईतून येतं. देवाचं हाय. त्येला आडवायचा नाय, वैनी." मी म्हटलं, अडवायचं नाहीच. मी तिच्याच घरातल्या दोन पळ्या घेतल्या, शेजारी शेजारी धरल्या आणि पन्हळीची धार बरोबर दोघींच्या मधल्या कडेवर घेतली. धार दुभंगली, दोन्ही पळ्यांच्या पोटातून गोल फिरली आणि आली त्याच दिशेला उलटी वळून खाली पडली. माझा हात मागे ढकलला गेला. मी सांगितलं, बघा, पाणी वळलं म्हणून ढकललं. वाहत्या गोष्टीला अडवलं तर ती फोडून जाते, वळवलं तर ती काम करून जाते. वारा, वाफ, पाणी, सगळ्यांची हीच रीत. अशाच जोडपळ्या एका चाकाच्या कडेला गोल लावायच्या. वरून नळीने पाणी आणायचं, अरुंद पितळी तोटीतून त्याची जोरदार धार पळ्यांवर सोडायची, एक पळी ढकलली की दुसरी समोर येते, चाक फिरतं, चाकाच्या दांड्यावरून पट्टा चक्कीला. पाणी मात्र जितकं आलं तितकं सगळं खाली वहाळात परत. बायका एकेक करून पळ्या धरून बघायला लागल्या. एकीने दोन्ही डाव्या हातात धरल्या, धार तिच्याच तोंडावर उडाली आणि पुढे अर्धा तास कुणी माझं ऐकलं नाही.

विठाबाई मात्र हसली नाही. तिने बरोबर गाभ्याला हात घातला. पाणी परत येईल हे कबूल, पण त्याचा जोर तर आपण काढून घेणार. मग जोर काढलेलं पाणी गुरांनी प्यायलं तर दूध आटेल की नाही? तिला नुसतं नाही म्हणून चालणार नव्हतं. मी सांगितलं की उंचावरून पडताना जो जोर येतो तेवढाच आपण घेतो. एरवी तो जोर खालच्या खडकावर आपटून वाया जातो. पाण्याचा गुण तसाच राहतो. ती म्हणाली, "तुला काय ठावं? पानी म्हशीला इचारायचं." आणि वाडीचा निवाडा झाला. तिची भुरी म्हैस वहाळाशिवाय कुठलंच पाणी तोंडी लावत नाही. "म्हस पेली तर ऱ्हाऊ दे. नाय पेली तर तुजं चाक तुज्या घरी." भैरूने मान डोलावली. तुझं आयुष्यभराचं शिक्षण, कारखान्याचं ओतकाम आणि माझं उत्तर, सगळं त्या म्हशीच्या नाकाशी जाऊन थांबलं.

काम सुरू झालं. मुंबईत वेल्डिंग करून परत आलेला वाडीतला रितेश आमचा मिस्त्री. मी काही सांगायला लागले की म्हणायचा, "काकू, टेन्शन नको लेव, एकदम फिट बसंल." राईच्या बाहेर, वहाळाला न अडवता, त्याच्या कडेला एक छोटी टाकी बांधली. तिच्यात थोडं पाणी वळवलं आणि तिथून काळी नळी उतारावरून खाली आणली. दिवाळीनंतर पहिली चाचणी घेतली आणि मला जन्मभर पुरेल असा धडा मिळाला. चाक छान फिरत होतं. तेवढ्यात चक्कीचा पट्टा निसटला. भार गेला. मला वाटलं, आता चाक सुस्तावेल. उलट ते किंचाळायला लागलं! दुप्पट वेगाने, सगळी चौकट थरथरली, शेरडं उधळली. रितेश झडप बंद करायला धावला आणि मी, इंग्रजीची मास्तरीण, किती मोठ्याने ओरडले, "झडप नको! पत्रा आड घाल!" कारण तू मला शंभरदा बजावलं होतंस की उतारावरून धावत येणाऱ्या नळीतल्या पाण्यासमोर झडप एकदम लावू नये. शेरडांच्या पळत्या कळपापुढे फाटक आपटल्यासारखं होतं, मागची पुढच्यांवर चढतात आणि फाटकच मोडतं. रितेशने धारेपुढे पत्रा ओढला, धार बाजूला गेली, चाक हळूहळू शांत झालं. मी दगडावर बसले. मला हसू आवरेना.

घरी येऊन मी तेच आठवत राहिले. श्रीपतराव गेल्यावर, शाळा सुटल्यावर सगळे मला म्हणायचे, आता भार उतरला, आराम करा. मी काय करायची ठाऊक आहे? धुतलेली भांडी परत धुवायची. लोणच्याच्या बरण्या फडताळातून काढून पुसायची आणि जागा बदलून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या जागी. विनीतला वाटायचं, आई किती उत्साही आहे. भार नसलेलं चाकही लांबून असंच उत्साही दिसत असेल.

आता परवाची गोष्ट. चक्की सुरू करायचा दिवस ठरला. बायका नवी लुगडी नेसून वर टाकीपाशी जमल्या. पाण्यातल्या साती आसरांची ओटी भरल्याशिवाय पाण्याला काम लावायचं नाही, हे त्यांचं म्हणणं मलाही पटलं. मी महाडहून हिरवा खण नेला होता. विठाबाईने खण, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी असं सगळं माझ्याच ओंजळीत दिलं, "तू भर, तू सवाशीण नायस म्हनून मागं सरू नको, आसरांना त्येचं काय नाय," म्हणाली. माझे डोळे भरले. मी ओटी टाकीतल्या पाण्यात सोडली. नळीच्या तोंडाची जाळी त्याच सकाळी रितेशने पाला काढायला म्हणून उचलून कडेला ठेवली होती. ती परत बसवायची राहून गेली होती. खण क्षणभर पाण्यावर गरकन फिरला, हिरव्या कमळासारखा, आणि सळकन नळीत गेला. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. देवीने ओटी घेतली म्हणून! विठाबाईने तर कानशिलावर बोटं मोडली.

खाली रितेशने पत्रा बाजूला केला. चाकाने दोनचार गिरक्या घेतल्या आणि तोटी घरघरली, थुंकली, गप्प झाली. धार बंद. भैरूने वर राईकडे पाहिलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, देवाला पसंत नाय. अरविंद, त्या क्षणी मला चाकाची काळजी नव्हती. मला वाटलं, हे आता मोडलं तर मी तुला काय कळवू? तेव्हा मला समजलं की माझं उत्तर तयारच होतं, फक्त मी ते चाकाच्या आड लपवलं होतं. वर नळीचं तोंड बंद करून, सगळं पाणी उतरू देऊन रितेशने तोटी उघडली. आधी तांदूळ गळले. मग सुपारी ठक्कन त्याच्या पायावर पडली. मग त्याने चिमट्याने ओढायला सुरुवात केली आणि जादूगाराने काढावा तसा तो खण लांबच लांब बाहेर येऊ लागला. "काकू, ही तर तुमचीच साडी आली पुरी!" कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा माळ हसला.

पण प्रश्न उरला. ओटी भरायची नाही, असं कोण म्हणणार? मी तर नाहीच. विठाबाईने भिजका खण पिळला, थोडा विचार केला आणि निकाल दिला. "बाय कामाला निघाली तर तिला वाटेत कुनी थांबवतं काय गो? काम उरकून येऊ दे. मंग भरू तिची ओटी." आणि तिने तो खण चाकाखालच्या दगडावर नेऊन ठेवला, जिथून जोर देऊन झालेलं पाणी शांतपणे वहाळात परत जातं. तेच ते, मिटल्या डोळ्यांचं पाणी, तू समासात काढलेलं. आता उंबरमाळची ही रीत झाली आहे. ओटी वर टाकीत नाही, खाली परतीच्या पाण्यापाशी.

जाळी बसली, पत्रा सरला, आणि या वेळी धार अशी सुटली की पळ्यांची टपटप ऐकूच येईना, एकच गुणगुण. पट्टा ताणला, चक्की जड आवाजात बोलायला लागली. पहिलं पीठ नाचणीचं पडलं, कोमट, मऊ. भैरूच्या सुनेने पदरात घेतलं आणि गालाला लावलं. पण अजून कुणी आनंद करेना, सगळे म्हशीकडे बघत होते. विठाबाईने भुरीला परतीच्या पाण्यावर आणली. भुरीने हुंगलं. मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, खरंच सांगते, परीक्षेतल्या बाहेरच्या परीक्षकासारखं. मग तोंड खाली घातलं आणि प्यायली ती प्यायलीच, पोट टम्म होईस्तोवर. विठाबाईने तिच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाली, "पास झालीस गो!" मी की चाक, विचारलं नाही.

काल विनीतचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. चाकाचं, आणि मग तुझंही. तो म्हणाला, "आई, ते मासे खातात का?" मी म्हटलं, खातात, पण काटे काढायला वेळ लावतात. तो म्हणाला, "मग जमेल आपल्यात." माझा मुलगा आहे, अवघड गोष्ट त्याला सरळ बोलता येत नाही. कुणावर गेलाय, ते तुला कळेलच.

म्हणून हे पत्र. वीस वर्षांची होते तेव्हा मी तुझ्या बरोबरीने पळत होते, तू मला गाठणार कसा? आणि दसऱ्याला दारात मी नुसती अडून उभी होते. आता मला थोडं थोडं फिरता येतं. हो, अरविंद, मी येते. पण कायमची नाशिकला नाही. आपलं चाक ज्येष्ठापासून माघापर्यंत फिरेल. तोवर मी इथली, आणि तूही इथे ये. महाडच्या घराला डोंगर चढावा लागत नाही आणि खालच्या खोलीत आता नदी झोपलेली नाही. होळीच्या आसपास वहाळ रोडावला की चाक काढायचं, ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळून भैरूच्या माळ्यावर ठेवायचं आणि आपण दोघांनी तुझ्या घराच्या खिडक्या उघडायला नाशिकला जायचं. आधी मात्र इथे ये, लवकर ये, पौष सरायच्या आत, धार अजून जाड आहे तोवर. गुडघ्यांची सबब चालणार नाही. वाडीत एक डोली आहे, दोन बांबूंना खुर्ची बांधलेली. आजारी माणसांना, अडलेल्या बायकांना तिच्यातून खाली दवाखान्यात नेतात. तुझ्यासाठी ती मागितली तेव्हा भैरू आणि रितेश लगेच खांदे चाचपायला लागले. विठाबाई डोलीकडे बघत म्हणाली, "हिच्यात बसून मानूस आजवर खालीच गेलंय, वैनी. वर आनायचा ह्योच पयला. तुजा इंजेर जड हाय काय गो?" मी सांगितलंय, जड आहे, पण बघून घेऊ.

होळीनंतर नाशिकची, पावसाळ्यात महाडची,
आणि दोन्हीकडे तुझीच,
अनुपमा